मृतासाठी कोण बोलते?
मराठी कॅथॉलिक अंत्यविधीतील गीत आणि सर्वनामे

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयी लिहिताना आपल्या समीक्षेने एक सोयीची भूमिका घेतलेली दिसते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवी स्वीकारली, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग स्वीकारला. म्हणून हे वाङ्मय 'आपले' झाले, असा हा युक्तिवाद. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. छंद म्हणजे केवळ अक्षरसंख्या, यमक आणि यतिस्थाने नव्हेत. प्रत्येक रूढ छंदाबरोबर बोलणाऱ्याची एक ठरलेली जागा येते, ऐकणाऱ्याची एक जागा येते, आणि कोणत्या विषयावर कोणी कोणाशी बोलावे याविषयीचे अलिखित संकेतही येतात. कवी छंद उचलतो तेव्हा या जागाही उचलतो. त्याला त्या हव्या असोत वा नसोत. ख्रिस्ती कवितेच्या देशीपणाचे कौतुक करणाऱ्यांनी या जागांची झडती घेतलेली नाही. देशीवादाच्या वादात दोन्ही बाजूंनी बरीच शाई खर्ची पडली, पण देशी रूप स्वीकारल्यावर आशयाला कोणती किंमत मोजावी लागते हा प्रश्न बहुधा बाजूलाच राहिला.

ही झडती घेण्यासाठी अंत्यविधीसारखे दुसरे स्थळ नाही. एरवी प्रार्थनागीत हे भावव्यक्ती म्हणून वाचता येते. मृतदेह समोर असताना मात्र गीताला एक काम असते. ऑस्टिनच्या परिभाषेत बोलायचे तर ती उच्चारकृती आहे : ती काही सांगत नाही, काही घडवू पाहते. कॅथॉलिक श्रद्धेनुसार मृत व्यक्तीचा प्रवास मृत्यूने संपत नाही. शुद्धीकरणाच्या अवस्थेत असलेल्या आत्म्याला जिवंतांच्या प्रार्थनेचे साहाय्य होते. १४३९ च्या फ्लॉरेन्सच्या आणि पुढे १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने हे सूत्रबद्ध केले. या श्रद्धेचे खरेखोटेपण येथे प्रस्तुत नाही. प्रस्तुत आहे ते इतकेच की, ही श्रद्धा मानणाऱ्या समाजाला अशा भाषेची गरज असते जिच्यात 'आम्ही' 'तुझ्याकडे' 'त्याच्यासाठी' काही मागू शकू. तीन सर्वनामांची ही रचना आहे. तीतील तिसरे पद गळाले की प्रार्थना सुंदर राहू शकते, पण ती वेगळी प्रार्थना होते.

प्रथम लॅटिन विधीकडे पाहू, कारण तो समजतो तितका एकसुरी नाही. मृतांच्या मिस्सेच्या प्रवेशगीतात देवाला उद्देशून 'त्यांना' चिरविश्रांती मागितली जाते : द्वितीय पुरुषातील देव, तृतीय पुरुषातील मृत. 'सुब्व्हेनिते' या गीतात संबोधन संतांना आणि देवदूतांना आहे. त्यांनी सामोरे यावे आणि आत्म्याला पोहोचते करावे, ही मागणी. शव दफनभूमीकडे नेताना गायिल्या जाणाऱ्या 'इन पॅरॅडिसुम'मध्ये गायक अचानक वळतो आणि थेट मृत व्यक्तीशी बोलू लागतो. जो ऐकू शकत नाही त्याला 'तू' म्हणण्याचे हे धाडस विधीच्या अगदी शेवटी येते. आणि शवपेटीभोवती म्हटले जाणारे 'लिबेरा मे' तर जवळजवळ संपूर्ण प्रथमपुरुषी एकवचनी आहे. तेथे 'मला वाचव' असे म्हणणारा कोण? गाणारा धर्मगुरू वा गायकवृंद नव्हे. तो 'मी' पेटीतल्या माणसाचा आहे. ज्याचे तोंड बंद झाले त्याला समुदायाने आपले तोंड उसने दिले आहे. खोल गर्तेतून हाक मारणारे १३० वे स्तोत्रही या विधीत असेच वाचले जाते. एरवी पश्चात्तापी भक्ताचे असलेले ते येथे मृताचे होते.

'दिएस इरे' या सुप्रसिद्ध पद्याची गोष्ट थोडी निराळी. तेराव्या शतकातील थॉमस ऑफ सेलानो याच्या नावावर परंपरेने घातलेली ही रचना मधल्या मोठ्या भागात अगदी व्यक्तिगत 'मी'ची आहे : अंतिम न्यायाच्या कल्पनेने थरथरणाऱ्या एकट्या माणसाची. हे पद्य जिवंतांच्या चिंतनासाठी रचले गेले असावे असे त्याच्या बांधणीवरून वाटते, आणि अखेरच्या काही ओळींत सूर एकदम बदलून 'ह्याला' आणि मग 'त्यांना' क्षमा व विश्रांती मागितली जाते. मृतांच्या मिस्सेत बसण्यासाठी या पद्याला हे शेपूट लागले, ही गोष्ट अभ्यासकाला बरेच काही सांगते. केवळ 'मी'ची कविता, ती कितीही थोर असो, अंत्यविधीला पुरली नाही. १९७० च्या नव्या मिस्साग्रंथातून हे पद्य वगळले गेले ते मात्र वेगळ्या कारणाने : त्यातील भयाचा अतिरेक पुनरुत्थानाच्या आशेला झाकून टाकतो, असे सुधारकांना वाटले.

आता मराठी प्रदेशाकडे येऊ. आणि तो मुद्दाम किनाऱ्यावरचा न घेता घाटावरचा घेऊ. गोवे आणि वसई यांना पोर्तुगीज काळापासूनची अखंड कॅथॉलिक परंपरा आहे. तेथील भाषिक प्रश्नांचे स्वरूप निराळे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे हे गाव घ्या. वायव्येला शिक्रापूर आणि पुणे–अहमदनगर (आता अहिल्यानगर) रस्ता, दक्षिणेला भीमेपलीकडे दौंड तालुका. या टापूत मृत्यूविषयी बोलण्यासाठी मराठीत कोणकोणती भाषा तयार पडलेली आहे? पहिली वारकऱ्यांची : दौंड तालुक्यातील यवत, वरवंड ही तुकारामांच्या पालखीच्या वाटेवरची गावे. दुसरी प्रॉटेस्टंट मराठी : शिरूर हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने केंद्र, तर दौंड तालुक्यातील केडगाव ही पंडिता रमाबाईंची कर्मभूमी, त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या १९२२ मधील मृत्यूनंतर, १९२४ मध्ये तेथूनच संपूर्ण छापून निघाले. तिसरी भाषा जात्यावर बसणाऱ्या बायकांची. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून ज्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांत शिरूर तालुक्यातील सविंदण्यासारख्या गावांचाही वाटा आहे. अशा मुलुखात एखाद्या कॅथॉलिक घरात मृत्यू झाला, तर त्या घराला गाण्यासाठी या तिन्हींतून काहीतरी निवडावे लागते. चौथी, म्हणजे खास कॅथॉलिक अशी मराठी काव्यभाषा, तेथे हाताशी नाही.

यावर 'क्रिस्तपुराण' आहे की, असे उत्तर येईल. ते नीट तपासले पाहिजे. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. पुराण १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी ते पुन्हा रोमन लिपीतच प्रसिद्ध केले, आणि देवनागरीत ते सर्वसामान्य मराठी वाचकाच्या हाती आले १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या संपादनामुळे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर जिल्ह्यात जर्मन जेझुइटांचे काम सुरू झाले आणि १९०३ मध्ये 'निरोप्या' मासिक निघाले, तेव्हा घाटावरच्या नव्या कॅथॉलिकांना हे पुराण वारसा म्हणून मिळणे जवळजवळ अशक्यच होते. वाङ्मयेतिहासात जे सलग दिसते ते समाजाच्या जगण्यात सलग नसते.

पण त्याहून महत्त्वाचा मुद्दा रचनेचा आहे. 'क्रिस्तपुराण' हे कथन आहे. त्यातील ओवी ही ज्ञानेश्वर–एकनाथांची ग्रंथांतरी ओवी. ती निरूपणाची, श्रोत्यांसमोर वाचण्याची. ग्रंथारंभीचा प्रसंग सर्वश्रुत आहे : जुनी पुराणे सोडलेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो की, आता आम्ही वाचावे काय? म्हणजे या काव्याची मागणीच मुळी वाचनाची, श्रवणाची आहे. याच स्टीफन्सनी धर्मशिक्षणाची जी 'दौत्रिना' लिहिली आणि जी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली, ती मराठीत नसून कोकणीत आहे. रोजच्या प्रार्थना, पाठ करायच्या, ओठांवर आणायच्या, त्या लोकांच्या बोलीत आणि गद्यात. ऐकायची कथा मात्र प्रतिष्ठित मराठीत आणि पद्यात. ही वाटणी मला फार अर्थपूर्ण वाटते. मराठी पद्याने ख्रिस्ताविषयी सांगावे, देवाकडे कोणासाठी मागण्याचे काम दुसऱ्या भाषेने करावे, असे जणू आरंभीच ठरून गेले. पुराणात करुणरसाची स्थळे आहेत. क्रूसाजवळच्या मरियेचा शोक हे त्यांतील एक. पण तो पात्राचा शोक आहे. निवेदक तो सांगतो, श्रोते ऐकतात. पेटी समोर असताना त्याचा विनियोग करणे अवघडच.

मग राहिली ती भक्तिपरंपरेची भाषा. वारकरी अभंगात मृत्यूचे दर्शन फार मोठे आहे. तुकारामांच्या ज्या अभंगांत स्वतःच्याच मृत्यूचा साक्षी होण्याचा अनुभव येतो, त्यांच्या तोडीचे काही युरोपीय मृत्युकाव्यात शोधावेच लागेल. परंतु हा 'मी' कोणाचा? अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते, आणि ती 'मी'चा मालक कोण ते सांगते. गाणारा जिवंत वारकरी त्या दिवंगत संताचा 'मी' उसना घेतो. संताच्या तोंडाने बोलता बोलता तो स्वतःही तेवढा उंच होतो. 'लिबेरा मे'मध्ये देवघेव नेमकी उलट दिशेने होते. तेथे जिवंत माणसे मृताला आपला आवाज उसना देतात. एकीकडे ज्याने गाठले त्याच्याकडून घेणे, दुसरीकडे जो अजून वाटेत आहे त्याला देणे. सर्वनाम एकच, व्यवहार परस्परविरुद्ध. अभंगाचा साचा कॅथॉलिक अंत्यविधीत आणला की हा व्यवहार कळत नकळत उलटतो. समुदाय मृताला विसरून स्वतःच्या उद्धाराचे गाऊ लागतो.

येथे नामदेवांच्या समाधी-प्रकरणातील अभंगांचा आक्षेप येऊ शकतो. ज्ञानदेवांच्या समाधीचे ते वर्णन दुसऱ्याच्या जाण्याविषयीच आहे, आणि त्यातील समुदायाचा आकांत मराठी कवितेतील अजोड गोष्टींपैकी एक आहे. खरे आहे. पण तेथे ज्ञानदेवांसाठी कोणी काही मागत नाही. मागायचे कारणच नाही; ते पोहोचलेले आहेत. अनाथ झालेत ते मागे उरलेले. शोक आहे, मध्यस्थी नाही.

मध्यस्थीची कल्पना हिंदू परंपरेत नाही असे मात्र कोणी समजू नये. प्रेतावस्थेतील जीवाला पितरांत नेऊन बसवणारे सपिंडीकरण, दहाव्या-बाराव्याचे पिंडदान, पुढची श्राद्धे : मृत अजून वाटेत आहे आणि मागच्यांनी त्याच्यासाठी काही केले पाहिजे, ही जाणीव त्यांत कॅथॉलिक जाणिवेइतकीच तीव्र आहे. फरक असा की हे 'करणे' कृतीतून आणि संस्कृत मंत्रांतून होते. मराठीला ते काम कधी पडलेच नाही. आणि ज्या भक्तिकवींनी मराठीला मोक्षाची भाषा केली त्यांनी कर्मकांडापेक्षा नामाला वरचढ मानले. त्यामुळे मृतासाठी मागणारे पद्य मराठीत रुजण्याची उरलीसुरली शक्यताही मावळली. मराठीत मृत्यूवर अमाप कविता आहे. मृतासाठी रचलेली प्रार्थनापर कविता मात्र नाही म्हणण्याइतकी थोडी.

या पोकळीत एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट गीत आले. ते ज्या परंपरेतून आले तिला मृतांसाठीची प्रार्थना तत्त्वतःच अमान्य होती. अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशास्त्रात शुद्धिस्थानाला जागा नाही. मृत्यूबरोबर निर्णय झाला, आता मागे उरलेल्यांनी आपले पाहावे. मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेचा आधार म्हणून कॅथॉलिक ज्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाकडे बोट दाखवतात तो ग्रंथ प्रॉटेस्टंट बायबलात समाविष्टच नाही. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले ते या परंपरेत. त्यांनी अभंगाचा 'मी' घेतला, अनेक पदांच्या अखेरीस 'दास' ही मुद्राही ठेवली, आणि तुकारामांचा एकट्या भक्ताचा स्वर ख्रिस्ताकडे वळवला. या मीलनाची कलात्मक सहजता जिने वाचकाला थक्क केले, तिचे एक कारण माझ्या मते असे की, वारकरी अभंग आणि प्रॉटेस्टंट गीत यांची सर्वनामव्यवस्था मुळातच जुळणारी होती. दोहोंत 'मी' आणि 'तू' पुरतात; तिसरा लागत नाही. टिळकांना अभंगात काही मोडावे लागले नाही. कॅथॉलिक कवीला मात्र ते मोडावे लागले असते.

व्यवहारात ते मोडले गेले नाही. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीची घटना मंजूर केली. तीत लोकभाषांना वाव मिळाला, मिशन-प्रदेशांतील संगीतपरंपरांना योग्य मान देण्यास सांगितले गेले, आणि अंत्यविधी त्या त्या प्रदेशाच्या परिस्थितीशी व परंपरांशी जुळता असावा असेही स्पष्ट म्हटले गेले. १९६९ मध्ये भारतासाठी बारा मुद्द्यांना रोमची संमती मिळाली आणि आरती, समई, पंचांग प्रणाम यांना वेदीपाशी प्रवेश झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला अंत्यविधीचा नवा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी मिस्सेत पेटी-तबला, झांजा आणि भजनाच्या चाली स्थिरावल्या. (१९०३ मध्ये दहाव्या पायस यांनी मंदिरात ढोल-झांजांना बंदी केली होती, हे आज आठवून सांगावे लागते.) टिळकांची पदे कॅथॉलिक मंडळीही आपली म्हणून गाऊ लागली. सर्वधर्मीय मराठी माणसांनी एकत्र गावे अशीच ती आहेत, आणि त्यांच्या गाण्याला आक्षेप घेण्याचा येथे हेतू नाही. परंतु परिणाम असा झाला की अंत्यविधीत कामाची वाटणी पडली. मृतासाठी मागण्याचे काम धर्मगुरूच्या तोंडच्या गद्य प्रार्थनांकडे, म्हणजे भाषांतरित गद्याकडे गेले. आणि लोक जे गातात त्यात मृत उरलाच नाही. मृतासाठी चिरशांती मागणारी गीते मराठीत मुळीच नाहीत असे नव्हे. पण ती बहुधा लॅटिनच्या पद्यानुवादासारखी वाटतात. हुंदका आवरत गाता यावीत इतकी ती ओठांवर बसलेली नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. स्टीफन्सच्या काळातली गद्य-पद्याची वाटणी तीन-साडेतीन शतकांनी वेगळ्या वाटेने पुन्हा अवतरली, इतकेच.

या वाटणीची किंमत १९६९ च्या ग्रंथामुळेच ठळक होते. त्याने शवपेटीभोवतीच्या जुन्या पापमोचनाच्या विधीऐवजी 'अंतिम निरोप' आणला, आणि त्या वेळचे निरोपगीत सर्व लोकांनी मिळून गावे, तेच या भागाचे शिखर ठरावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. जुन्या विधीत लोक गप्प राहिले तरी चालत होते. लॅटिन त्यांच्या वतीने बोलत होती. नव्या विधीत लोकांचे गाणे हेच कार्य आहे. अशा वेळी लोकांनी 'मी तुझा दास, मला जवळ घे' या आशयाचे भजन गायिले तर शिखरावर पोहोचून समुदाय मृताकडे पाठ फिरवतो. भजन कितीही उत्कट असो, ते त्या क्षणी ज्याच्यासाठी जमलो त्याचे नाव घेत नाही.

शब्दकळेतही हेच घडलेले दिसेल. मराठी ख्रिस्ती घरांतून मृताच्या नावामागे 'ख्रिस्तवासी' लिहिण्याची रीत आहे. 'कैलासवासी', 'वैकुंठवासी' यांच्या साच्यातून हा शब्द ओतलेला आहे, आणि भाषिक घडण म्हणून तो निर्दोष आहे. पण '-वासी' हे पद मुक्कामाचे आहे. जो वासी झाला तो पोहोचला. त्याच्यासाठी आता काय मागायचे? कॅथॉलिक घरात पत्रिकेवर 'ख्रिस्तवासी' छापायचे आणि सातव्या दिवशी, महिन्याने, वर्षाने त्याच्याच विश्रांतीसाठी मिस्सा अर्पण करायची, दरवर्षी २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावून पुन्हा तेच मागायचे, ही विसंगती कोणाला खटकत नाही. शब्द एका धर्मशास्त्राचा, कृती दुसऱ्याची. रंगाचेही तसेच. युरोपात काळ्या वस्त्राऐवजी पांढरे वापरण्याची मुभा ही पुनरुत्थानाची खूण म्हणून आली. आपल्याकडे पांढरे हे आधीपासूनच शोकाचे, वैधव्याचे. चिन्ह तेच ठेवून अर्थ बदलतो तो असा.

मराठी व्याकरणाने तर आणखी एक पेच उभा केला आहे, आणि त्याकडे भाषांतरकारांखेरीज कोणाचे लक्ष गेले नसावे. मराठीत देवाला आपण 'तू' म्हणतो. दिवंगत आजोबांना मात्र 'ते', 'त्यांना'. म्हणजे 'तू त्यांना विश्रांती दे' या साध्या मागणीत आदरार्थी रूप मृताला आणि एकेरी रूप देवाला मिळते. लॅटिनला हा प्रश्न नाही. तेथे पोप असो वा गुराखी, तो 'तुझा सेवक'. लॅटिनप्रमाणे एकेरी करावे तर घरच्यांच्या कानाला बोचते. आदरार्थी करावे तर मृत्यूपुढची समता हरवते. उलट बाजूने, मराठीजवळ 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद आहे जो लॅटिनजवळ नाही. देवाशी बोलताना 'आम्ही'च येणार, कारण ऐकणारा देव त्यात नाही. पण त्या 'आम्ही'त मृत आहे की नाही? संतसमागमाच्या कॅथॉलिक कल्पनेप्रमाणे असायला हवा. मराठी वाक्य हे उघड ठेवते, आणि चांगल्या कवीने या उघड्या जागेचे सोने केले असते.

संगीताविषयी थोडे. ग्रेगोरियन गानातील 'इन पॅरॅडिसुम' सातव्या मोडमध्ये आहे. स्वरसंचापुरते पाहिले तर तो आपल्या खमाज थाटाच्या जवळचा, म्हणजे शुद्ध गंधार आणि कोमल निषाद असलेला. 'दिएस इरे' पहिल्या मोडमध्ये, काफीच्या जवळ. ही तुलना स्वरांच्या यादीपलीकडे ताणू नये. मोड म्हणजे राग नव्हे. पण एक निरीक्षण नोंदवण्याजोगे आहे. शव उचलून बाहेर नेण्याच्या क्षणी लॅटिन परंपरा आपला सर्वांत उजळ, वर झेपावणारा सूर काढते. आपल्याकडे शेवट म्हटला की भैरवी, हा मैफलीचा आणि भजनाचाही संकेत. भैरवी सुरू झाली की ऐकणारा समजतो, आता संपले. अंत्यविधीच्या मराठी गीतांना भैरवीच्या चाली सहज लावल्या जातात. त्या करुणही वाटतात. पण विधी तर सांगत असतो की संपलेले नाही, आता निघायचे आहे. चाल आणि संहिता परस्परविरोधी बोलतात, आणि अशा वेळी लोकांच्या मनात चालच उरते.

मग मराठीजवळ मृताला 'तू' म्हणणारे, त्याच्यासाठी वाट काढणारे काहीच नाही काय? आहे, फक्त ते ज्यांच्या तोंडी आहे त्यांना उपासनासंगीताच्या समित्यांत बहुधा जागा नव्हती. जात्यावरच्या ओव्यांत बायका आईशी, भावाशी, लेकाशी बोलतात, आणि मृत्यूने हे बोलणे थांबत नाही. अहेव मरणाच्या ओव्यांचा जो मोठा समूह संग्रहांतून दिसतो, त्यात मेलेल्या सवाष्णीचा शेवटचा साज, हळदीकुंकू, माहेरहून भावाने आणायचे लुगडे, चितेपर्यंतची वाट यांचे तपशील येतात. जाणारी एकटी नाही, तिला पोहोचवायला कोण कोण निघाले आहे, हे पुनःपुन्हा सांगितले जाते. काही ओव्यांत तर मेलेली बाईच 'मी' म्हणून बोलते, आणि जाते ओढणारी जिवंत बाई तिला आपला आवाज देते. 'लिबेरा मे'मधल्या 'मी'चा आणि 'इन पॅरॅडिसुम'मधल्या 'तू'चा मराठीतला सख्खा नातलग अभंग नव्हे, तो येथे आहे. धर्मशास्त्र अर्थातच वेगळे; पण बोलण्याची रचना तीच. या ओवीला नाममुद्रा नसते. तिचा 'मी' कोणाच्याही मालकीचा नाही, म्हणून तो कोणालाही देता येतो.

याला एक सामाजिक अंगही आहे. हिंदू रूढीत बायका स्मशानात जात नाहीत. त्यांचा विलाप उंबरठ्याशी थांबतो. ख्रिस्ती दफनाला बायका कबरीपर्यंत जातात आणि मूठमातीही देतात. ('मूठमाती देणे' हा वाक्प्रचार आपण एरवी वाईट चालीरीतींसाठी वापरतो, त्याचा मूळ, हातात माती घेण्याचा अर्थ ज्या समाजांत रोज जिवंत आहे त्यांपैकी हा एक.) म्हणजे ख्रिस्ती विधीने मराठी बाईला प्रथमच कबरीच्या काठावर उभे केले, पण तेथे गाण्यासाठी तिच्या हाती दिले ते पुरुषांच्या भजनमंडळाचे गाणे. घाटावरचे बहुसंख्य कॅथॉलिक ज्या दलित समाजांतून आले त्यांच्या बायकांजवळ ओवीचा साठा भरपूर होता. भजन निवडले गेले याचे कारण प्रतिष्ठा : संतकाव्य हे छापील, अभ्यासक्रमातले, परकीय पाद्रींनाही पंडितांकडून शिकता येणारे; ओवी ही पहाटेच्या अंधारातली, निरक्षर, बाईची. देशीकरणानेही आपले देशी उच्चवर्णीय संकेत पाळले, असे म्हटल्यास फारसे चूक होणार नाही.

ओवी आज जात्याबरोबर मागे पडली आहे, आणि तिला मुद्दाम वेदीपाशी आणल्यास तिचे प्रदर्शन होण्याचा धोका आहे, ही शंका रास्त आहे. शिवाय ती टाळ-तबल्याविना, एकट्या वा दोघींच्या गळ्याने चालणारी. समुदायाने एकसाथ गाण्याचा तिचा स्वभाव नाही. पण विनंतीमालेची एक वाट उरतेच. मरणासन्न माणसाजवळ म्हटल्या जाणाऱ्या संतांच्या विनंतीमालेत प्रतिसादातले 'आम्हांसाठी' बदलून 'ह्याच्यासाठी' वा 'हिच्यासाठी' होते. एक जण नाव घेतो, बाकीचे तेच दोन-तीन शब्द परत परत म्हणतात. एकटीने सांगायचे आणि सगळ्यांनी सावरायचे, असा हा घाट ओवीला परका नाही. त्यात एकेका नावापुढे जाणाऱ्याच्या वाटेचा एकेक तपशील ठेवता येईल. आणि त्यातले सर्वनाम, निदान एवढ्या एका ठिकाणी, मराठी समुदायाने आजही बरोबर जागी ठेवले आहे.